धोंड कोणी लोटायची?

फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या सरावलीतील लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाची बैठक भरली होती. विषय एकच होता : ईस्टरची पहाटेची उपासना यंदा कुठे आणि कशी करायची? बैठक अडीच तास चालली. त्यातला एक तास जागेवर गेला, पाऊण तास बसच्या भाड्यावर गेला आणि अर्धा तास ध्वनिक्षेपक आणायचा की नाही यावर गेला. उरलेल्या पंधरा मिनिटांत चहा, उकडलेली अंडी आणि झाडलोट ही कामे आम्हां मुलींकडे व घरोघरच्या बायकांकडे सोपवून, प्रार्थना करून बैठक संपली.

ही उपासना कोणासाठी, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. खरे सांगायचे तर मीही विचारला नाही. कोपऱ्यात बसून अंडी किती डझन लागतील त्याचा हिशेब वहीत मांडत राहिले. घरी आल्यावर तो प्रश्न मनात घोळू लागला. आज तो या अंकातून विचारते आहे. कारण तो केवळ आमच्या मंडळीपुरता नाही असे मला वाटते.

आपल्या महाविद्यालयात ख्रिस्ती विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो. त्या दिवशी सुटी असते, दुकानांत तारे टांगलेले असतात, आणि 'केक कुठे आहे?' असे वर्गमैत्रिणी हक्काने विचारतात. ईस्टरचे तसे नाही. तो रविवारीच येत असल्यामुळे त्याची वेगळी सुटी नसते, आणि दरवर्षी तारीख बदलत असल्यामुळे तो कोणाच्या ध्यानात राहत नाही. २०२४ साली तो ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला, तर २०२६ साली ५ एप्रिलला. तारीख ठरवण्याचा नियम मात्र आपल्या पंचांगाशी नाते सांगणारा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणजे आपल्या भाषेत, कधी होळीनंतरचा, तर कधी हनुमान जयंतीनंतरचा रविवार. डहाणूजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. त्या यात्रेला निघालेली माणसे रस्त्याने चालत असतात, त्याच दिवसांत पुष्कळदा आमचा ईस्टर येतो. मला या योगायोगाचे नेहमी अप्रूप वाटते.

या नियमातून आणखी एक गोष्ट निघते. पौर्णिमा होऊन गेलेली असल्यामुळे ईस्टरच्या पहाटे आकाशात चंद्र असतोच. कधी पश्चिमेकडे कललेला, कधी डोक्यावर अर्धा राहिलेला. ढग नसले तर वाट दिसण्यापुरता उजेड असतो. म्हणजे पहाटे चालत जाणाऱ्यांची सोय आकाशाने आधीच करून ठेवली आहे. बसच्या भाड्यावर पाऊण तास घालवणाऱ्या आमच्या बैठकीत ही गोष्ट कोणालाच सुचली नाही!

आता पहाटच का, ते सांगितले पाहिजे. येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवले आणि सूर्य मावळण्यापूर्वी घाईघाईने कबरेत ठेवले. शनिवार हा यहुदी लोकांचा शब्बाथ, सक्तीच्या विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी काही करता येत नव्हते. त्यामुळे रीतीप्रमाणे देहाला सुगंधी द्रव्ये लावायची राहून गेली होती. ते राहिलेले काम पुरे करण्यासाठी काही बाया रविवारी उजाडण्याच्या सुमारास कबरेकडे निघाल्या. चारही शुभवर्तमानांत ही हकिगत आहे, पण उजेडाबाबत त्यांचे एकमत नाही. मार्कच्या सांगण्यानुसार त्या बाया पोहोचल्या तेव्हा सूर्य वर आला होता. योहान म्हणतो, मग्दालीया मरीया आली तेव्हा अजून अंधारच होता. मला वाटते, दोघांचेही खरे असावे. घरातून निघणारीला अंधार दिसला असेल, पोहोचणारीला उजेड.

मार्कने आणखी एक तपशील नोंदवला आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कबरेच्या तोंडावर भलीमोठी धोंड लोटलेली होती. ती आपल्यासाठी बाजूला कोण करील, असे त्या बाया वाटेने चालता चालता एकमेकींना विचारीत होत्या. म्हणजे निघताना त्यांच्यापाशी त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. माणसे ठरवली नव्हती, हत्यारे घेतली नव्हती, कोणाची परवानगी काढली नव्हती. काम राहिले आहे एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्यावर त्या निघाल्या. त्या परत येऊन जे सांगू लागल्या ते पुरुष शिष्यांना वायफळ बडबड वाटले, असे लूक लिहितो. जगातली पहिली ईस्टरची उपासना ही अशी. तिची आखणी कोणी केलेली नव्हती. ती अंधारात निघालेल्या बायांनी केली आणि पुरुषांना ती आधी पटलीच नाही.

एवढे ध्यानात घेतले की आमच्या बैठकीतला कामवाटप जरा वेगळा दिसू लागतो. ज्या बातमीच्या पहिल्या साक्षीदार बाया, त्या बातमीच्या सणाला त्यांनी अंडी उकडावीत आणि बातमी पुरुषांनी वाचून दाखवावी!

पहाटे मोकळ्या जागी जमून उपासना करण्याची जी पद्धत आज जगभर दिसते, तिचा उगम शोधत गेले तर आपण जर्मनीतल्या हेर्नहूट नावाच्या एका लहान गावात पोहोचतो. हे गाव कसले होते? मोराव्हिया प्रांतात धर्मासाठी छळ सोसून परागंदा झालेल्या लोकांनी १७२२ पासून तिथे झोपड्या बांधल्या. जमीन त्सिन्त्सेन्डोर्फ नावाच्या एका सरदाराची होती. कोणी सुतार, कोणी विणकर. मागे घर नाही, पुढे काय ते ठाऊक नाही. १७३२ च्या ईस्टरला या गावातले काही अविवाहित तरुण उजाडण्यापूर्वी उठले आणि गावाबाहेरच्या टेकडीवरील दफनभूमीत जाऊन कबरींमध्ये उभे राहून गीते गाऊ लागले. इतकीच ती गोष्ट. पुढे ही मंडळी जिथे जिथे गेली तिथे ही चाल गेली. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील सेलम या गावी १७७२ साली ती सुरू झाली. तिथे वाजंत्री अंधारातच रस्त्यारस्त्यांतून फिरून लोकांना जागे करतात. आपल्याकडे दारोदार फिरणारा वासुदेव मला इथे आठवतो.

या मोरावियन लोकांच्या दफनभूमीची एक रीत आहे. सगळ्या कबरींचे दगड सारखे, आडवे, जमिनीलगत. श्रीमंताचा दगड उंच नाही आणि गरिबाचा ठेंगणा नाही. ईस्टरच्या पहाटे माणूस तिथे उभा राहतो तो सारख्या झालेल्या माणसांमध्ये. म्हणून ती उपासना दफनभूमीत करण्याला अर्थ आहे. सूर्योदय तिथे शोभेसाठी नाही.

पण कोणतीही चाल चालत राहिली की तिला दोन रोग जडतात; एक देखाव्याचा आणि दुसरा सोयीचा. देखाव्याचे उदाहरण अमेरिकेतच सापडते. १९२१ साली हॉलिवूड बाउल या प्रचंड खुल्या रंगमंचावर ईस्टरच्या सूर्योदयाची उपासना झाली आणि पुढे तिची परंपराच पडली. दफनभूमीत उभे राहून म्हटलेले गीत रंगमंचावर गेले. कबरींच्या जागी प्रेक्षकांची आसने आली. सोयीचे उदाहरण त्याहून जुने आहे. कॅथलिक पंथात ईस्टरची मुख्य उपासना ही रात्रीची जागरणाची. नवा अग्नी पेटवायचा, त्यावर मोठी मेणबत्ती लावायची आणि अंधाऱ्या देवळात तो प्रकाश हातोहात न्यायचा. वसईच्या गावांत ती आजही मोठ्या भक्तीने होते. परंतु हीच उपासना कित्येक शतके शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात उरकली जात होती! प्रकाश आला असे म्हणायचे आणि खिडकीतून ऊन आत येत असायचे. अखेर १९५१ साली बाराव्या पोप पायस यांनी ती पुन्हा रात्री करण्यास मोकळीक दिली, आणि १९५५ च्या आदेशाने ती रात्रीच करण्याचा नियम झाला. तात्पर्य, सोय पाहिली की पहिल्यांदा अंधार जातो. आणि अंधार गेला की उजेडालाही अर्थ राहत नाही.

आमच्या बैठकीत हे दोन्ही रोग होते. जागेविषयी बहुमत समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने होते. कोणीतरी भ्रमणध्वनीवर परदेशातल्या उपासनेची छायाचित्रे दाखवली. समुद्रातून लाल गोळा वर येतो आहे, पाळक हात पसरून उभे आहेत, आणि त्यांची काळी आकृती त्या प्रकाशात उठून दिसते आहे. 'असे करू या!' सगळे म्हणाले. मित्रहो, आपला समुद्र कोणत्या दिशेला आहे? चिंचणी, तारापूर, नांदगाव, सातपाटी, सगळा किनारा पश्चिमेला. आपल्याकडे समुद्रात सूर्य मावळतो. उगवतो तो रुळांच्या पलीकडे, पूर्वेच्या डोंगरांमागून. आणि ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती असेही नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. सगळी मंडळी सवयीने समुद्राकडे तोंड करून बसली. सूर्य आमच्या पाठीमागे सुरूच्या बनातून केव्हा वर आला ते कळलेसुद्धा नाही. एका लहान मुलाने 'आई, ऊन!' म्हटले तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. पाळकसाहेब आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या डोळ्यांवर ऊन आल्याने त्यांना पुस्तक दिसेना. त्या वेळी आम्ही हसलो. आता वाटते की दुसऱ्याचा सूर्योदय उसना आणला की असेच व्हायचे.

मग आपला सूर्योदय कोणता? त्यासाठी पहाटे पाच वाजता सरावलीत कोण जागे असते ते पाहायला हवे.

सरावली हे आता नावापुरतेच खेडे राहिले आहे. बोईसरची वस्ती आणि तारापूरची औद्योगिक वसाहत यांनी त्याला वेढून टाकले आहे. रासायनिक कारखाने रात्री बंद होत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत. पहाटेच्या वाऱ्याला मोगऱ्याचा वास कधी असतो, कधी नसतो. रसायनांचा दर्प बहुधा असतो. अशा वेळी रात्रपाळीचा माणूस घड्याळाकडे पाहत उरलेले दोन तास मोजत असतो. सकाळच्या पाळीचा माणूस अंघोळ करून डबा भरायची वाट पाहत असतो, आणि त्याची बायको त्याच्या आधी उठून स्टोव्हपाशी किंवा गॅसपाशी उभी असते. मुंबईकडे कामाला जाणारे लोक अंधारातच स्टेशनाची वाट धरतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून त्यांची संख्या वाढली आहे. बंदरावरच्या कोळिणी मासळीच्या टोपल्या लावीत असतात. अंधारात निघणाऱ्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. त्यांना उठवण्यासाठी ध्वनिक्षेपक लागत नाही आणि नेण्यासाठी बसही लागत नाही.

आणि आमच्या पहाटेच्या उपासनेला नेमकी हीच माणसे नसतात! वेळ साडेसहाची ठेवलेली असते, कारण छायाचित्रात सूर्य यायला हवा. पहिल्या पाळीचा माणूस तेव्हा कारखान्याच्या वाटेवर असतो आणि रात्रपाळीचा अजून आत असतो. ईस्टर रविवारी येतो हे खरे, पण भट्टीला रविवार नसतो. त्यांच्या बायका घरी चहाअंड्यांची भांडी भरत असतात. उपासनेला येतात ते रविवारी ज्यांना सुटी आहे ते. पहाटेच्या नावाने आम्ही जे करतो ते उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीचे असते.

इथे एक घरची गोष्ट सांगते. सांगावी की नाही याचा पुष्कळ विचार केला. माझे वडील जालन्याकडून नोकरीसाठी इथे आले आणि जवळजवळ वीस वर्षे ऑपरेटर होते. आमच्या घराण्यातल्या सगळ्या कबरी तिकडे, गावाच्या शिवारात आहेत. मंडळीतल्या बहुतेक कुटुंबांचे असेच. कोणाचे मृत नगरच्या बाजूला, कोणाचे केरळात, कोणाचे तलासरीच्या पाड्यावर. आम्ही इथे राहत होतो, पण इथले नव्हतो. माणसाचे मूळ जिथे त्याची माणसे पुरलेली असतात तिथे असते, असे आजी म्हणे. दोन वर्षांपूर्वी वडील आजारपणात गेले. त्यांना इथेच ठेवले. आमच्या घरची या मातीतली ती पहिली कबर.

त्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी पहाटे पाचला उठले तेव्हा आई घरात नव्हती. अंड्यांचे पातेले धुऊन पालथे घातलेले होते, अंडी टोपलीत भरून ठेवली होती. मी घाबरून बाहेर आले. थोड्या वेळाने ती आली. चपलांना माती लागलेली, हातात रिकामी पिशवी. 'कुठे गेली होतीस?' म्हटले तर म्हणाली, 'यांच्याकडे जाऊन आले. नंतर तुमच्या कार्यक्रमात वेळ मिळायचा नाही.' मोगऱ्याची चार फुले आणि एक मेणबत्ती एवढेच तिने नेले होते. वारा होता म्हणून मेणबत्ती टिकली नाही, असेही म्हणाली. मग पदर खोचून ती चहाच्या आधणाकडे वळली.

तिच्या बोलण्यात 'तुमचा कार्यक्रम' हे शब्द आले आणि ते मला लागले. आम्ही समुद्राकडे तोंड करून शोधत होतो ते आईने कोणाला न सांगता, कोणत्याही समितीशिवाय आटोपले होते. अंधारात उठून, आपल्या माणसाच्या कबरेकडे, हातात थोडासा सुगंध घेऊन. शुभवर्तमानात याहून वेगळे काय लिहिले आहे? तरीही पहाटेच्या उपासनेच्या बैठकीला तिला कधी बोलावणे गेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पहाटेची उपासना म्हणजे सूर्योदयाचा देखावा नव्हे. अंधारात निघणाऱ्या माणसांची ती उपासना आहे. तिची आखणी करताना पहिला प्रश्न 'सूर्य कुठून छान दिसेल?' हा असू नये. 'त्या वेळी कोण जागे असते?' हा असावा. हा प्रश्न पहिला ठेवला की बाकीची उत्तरे आपोआप येतात.

जागा : दफनभूमी. आमच्यापैकी कोणाच्या चार कबरी इथे आहेत, कोणाची एकही नाही. ज्यांची नाही त्यांनी दुसऱ्याच्या कबरेपाशी उभे राहावे. हेर्नहूटचे लोकही परक्या मातीतच आपले पहिले मृत पुरून त्या गावाचे झाले. परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसांना एकमेकांचे मृत आपले वाटू लागले, तर एकमेकांचे जिवंतही वाटतील.

वेळ : पाऊण तास आधी. मार्चअखेर ईस्टर आला तर आपल्याकडे सूर्योदय साडेसहानंतर तीनचार मिनिटांनी होतो, एप्रिलच्या विसाव्या तारखेला सव्वासहानंतर. तांबडे त्याच्या अर्धा तास आधीच फुटू लागते. सव्वापाचला घरून चालत निघावे, साडेपाचला गीत सुरू करावे, सहाच्या आसपास आशीर्वाद व्हावा. पहिल्या पाळीचा माणूस आशीर्वाद घेऊन कामावर जाईल. सूर्य त्याला वाटेत भेटेल, त्या बायांना भेटला तसाच. आणि सातला सुटणाऱ्या रात्रपाळीच्या माणसासाठी देवळात चहा आणि पुन्हा एक गीत असावे. चहा पुरुषांनी करावा. वाचन बायकांनी करावे.

ध्वनिक्षेपक : अजिबात नको. कायद्यानेही तो चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत मोकळ्या जागी तो लावता येत नाही, आणि सणासुदीला मिळणारी सवलतसुद्धा मध्यरात्रीपर्यंतचीच असते. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. आपल्या वस्तीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारी आणि दिवसपाळीसाठी रात्री झोपणारी माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. झोप हे गरिबाचे एकमेव विश्रांतिस्थान आहे. पुनरुत्थानाची बातमी त्याची झोप मोडून सांगू नये. पहिल्या वेळी ती कुजबुजीतूनच पसरली होती.

गीते : मराठी. आमच्या मंडळीत मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणारे आहेत. त्यांनी आपापल्या भाषेत एकेक कडवे जरूर म्हणावे. परंतु इंग्रजी गीतांची ध्वनिफीत लावून तिच्या मागे ओठ हलवणे पुरे झाले. ज्यांना आपण शाळेत फुलामुलांचे कवी म्हणून शिकलो त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली देह ठेवीपर्यंत अभंग, ओवी, भजन यांतूनच ख्रिस्त गायिला. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. काकडा आणि भूपाळी ज्या भाषेत आहेत, त्या भाषेला पहाटेचे गाणे बाहेरून आणावे लागत नाही. टाळ आणि पेटी पुरे.

आता आक्षेपांकडे वळते. आमच्या संघातला एक मित्र म्हणाला, 'समुद्र नाही, साउंड नाही, मग तरुण पोरे कशाला येतील?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरुणांना बोलवायला काही तरी ओढ हवी हे मला मान्य आहे. पण १७३२ साली त्या टेकडीवर गेलेले सगळे तरुणच होते आणि ते कबरस्तानात गेले होते. तरुणांना फक्त मौज हवी असते असे म्हणणे हा तरुणांचाच अपमान आहे. ज्याला काही महत्त्वाचे काम द्याल, तो येईल. वृद्धांचा हात धरून अंधारात वाट दाखवायची, विसरलेल्या कबरींवरचे गवत आदल्या दिवशी काढायचे, ज्यांचे कोणी इथे नाही त्यांच्या कबरींवर फूल ठेवायचे, ही कामे देऊन तर पाहा.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात आला, आणि तो अधिक खरा होता. 'मोकळ्या जागी अंधारात जमलो तर लोक काय म्हणतील?' अलीकडे चार ख्रिस्ती माणसे एकत्र दिसली की धर्मांतराचा संशय घेतला जातो, ही भीती आमच्या घरांत आहे. ती नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने आम्हांला उपासनेचा हक्क दिला आहे. पण केवळ हक्काच्या बळावर शेजार टिकत नाही. म्हणून ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी पत्र द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगावे : 'आमच्या माणसांच्या कबरींवर पहाटे दिवा लावायला जातो आहोत, या.' आपल्या माणसाच्या आठवणीत दिवा लावणे कोणत्या धर्माला कळत नाही? सर्वपित्रीला पान वाढणारा शेजारी ही गोष्ट आमच्या पाळकांपेक्षाही लवकर समजेल.

या अंकाचे वाचक बहुतांशी आमच्या मंडळीबाहेरचे आहेत. त्यांना वाटेल, हा यांचा घरगुती वाद आम्हांला कशाला? म्हणून एवढेच म्हणते : आपले स्नेहसंमेलन आठवा, गल्लीतला गणेशोत्सव आठवा, नवरात्र आठवा. मंडप कुठे, ध्वनियंत्रणा किती मोठी, पाहुणे कोण, छायाचित्र कसे, यांवर किती तास जातात? आणि जिने अंगण सारवले, जो रात्री मंडपात राखणीला झोपला, ज्याची पाळी असल्यामुळे त्याला आरती कधी मिळाली नाही, त्याचा विचार शेवटच्या पंधरा मिनिटांत तरी होतो का? प्रत्येक सणाच्या तोंडावर अशी एक धोंड असते. ती आपणच लोटून ठेवलेली असते. आणि ती सरकवायला फार ताकद लागते असेही नाही. फक्त बैठकीत पहिला प्रश्न बदलावा लागतो.

पुढच्या बैठकीत मी अंड्यांचा हिशेब करणार नाही. आईला घेऊन जाणार आहे. ती येईल की नाही, ठाऊक नाही. 'माझे तिथे काय काम?' असेच ती म्हणेल. तेव्हा तिला सांगायचे ठरवले आहे, की अंधारात दफनभूमीकडे जाणारी वाट मंडळीत फक्त तुलाच माहीत आहे. बाकीच्यांना दाखवायला कोणी तरी हवे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला